एका मापाला एक मिरची

“भगिनींनो, आज आम्ही इथे काही विकायला आलेलो नाही,” निनाद सबनीस माइकवर म्हणाला. “आम्ही तुम्हाला जागरूक करायला आलोय!”

आमच्या अंबिका महिला मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. जागरूक होण्यासाठी गावातल्या झाडून साऱ्या बायका नटूनथटून सतरंजीवर बसल्या होत्या. पुढच्या एकुलत्या एका खुर्चीवर मंडळाच्या अध्यक्षा, म्हणजे माझ्या सासूबाई, गजराबाई खराडे. त्यांना मी आत्या म्हणते. आमच्या गडहिंग्लज भागात सासूला आत्याच म्हणतात. आत्यांनी ठेवणीतली चंद्रकळा नेसली होती आणि सबनीसच्या प्रत्येक वाक्याला त्या अशा मान डोलावत होत्या, जणू भाषण त्यांनीच लिहून दिलं होतं.

हा सबनीस ‘झुळूक’ नावाचं लिंबाचं सरबत बनवणाऱ्या कंपनीतला. मुंबईहून आलेला, गोरागोमटा, कुरकुरीत इस्त्रीचा. हुद्दा काय, तर ग्राहक प्रबोधन अधिकारी. ‘आमचं सरबत बेतानं प्या’ हे सांगायला कंपनी एका माणसाला पगार देते, गाडी देते, गाडीत पेट्रोल घालते, हे काही माझ्या गळी उतरत नव्हतं. पण विचारतंय कोण? मी धाकटी सून. माझ्याकडं तिळगुळाचं तबक होतं.

“बाटलीवर बघा, मोठ्या अक्षरात लिहिलंय. फक्त एक चमचा साखर!” सबनीसनं बाटली उंच धरली. शब्दांशेजारी एक हिरवं पान छापलं होतं, आणि पानाच्या देठाशी तिळाएवढी एक चांदणी. “कोणती कंपनी असं उघड सांगते? आम्ही सांगतो. कारण आमचं ब्रीदच आहे, माहिती आमची, निवड तुमची!”

बायकांनी टाळ्या वाजवल्या. मग कंपनीतर्फे प्रत्येकीला वाण मिळालं. पांढऱ्या प्लास्टिकचा इवलासा पेला, त्याच्या पोटावर हिरवी रेघ.

“या रेघेपर्यंत एक माप,” सबनीस म्हणाला. “माप लक्षात ठेवा, तब्येत लक्षात ठेवा.”

आमच्या शेजारच्या चंपाक्कांना गप्प बसायची सवय नव्हती. “एवढुशा पेल्यात चिमणीला पाजायचं काय वं साहेब?”

सगळ्या हसल्या. सबनीसही हसला. आत्यांनी मात्र चंपाक्कांकडं असं बघितलं की त्यांनी पदर तोंडाला लावला.

त्या पेल्यांचं पुढं जे व्हायचं तेच झालं. वाणाची वस्तू कुणी टाकत नाही, आणि वापरतही नाही. कुणी त्यात कुंकू भरलं, कुणी देव्हाऱ्यात फुलवाती ठेवल्या. आमचा पेला आत्यांनी काचेच्या कपाटात, मंडळाच्या ढालीशेजारी मांडला. त्यानं सरबत मोजून प्यायचं हे कुणाच्या स्वप्नातही आलं नाही. आमच्याकडं दारात आलेल्या माणसाला मोजून द्यायचं म्हणजे त्याला हाकलून देण्यासारखंच. ही गोष्ट सबनीसच्या कंपनीला माहीत नव्हती असं मी कधीच मानलं नाही. ज्यांना बाटलीचा रंग कोणता ठेवला की हात पुढं येतो हे माहीत असतं, त्यांना एवढं माहीत नसेल?

फेब्रुवारी सरता सरता माझी नणंद वैजयंता बाळंतपणाला माहेरी आली. आमची वैजू. तिची ही दुसरी खेप. पहिल्या खेपेला आठव्या महिन्यात सगळं हातचं गेलं होतं, आणि त्यानंतर तिच्या सासरी तिला कुणी वाईट बोललं नाही, पण चांगलंही कुणी बोललं नाही. या खेपेला तिला गरोदरपणातली साखर निघाली. गडहिंग्लजच्या हिरेमठ डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं. साखर, गूळ, मध, काही नाही. साखर आटोक्यात राहिली तर बाळ सुखरूप, नाहीतर मागच्यासारखंच होऊ शकतं.

वैजूनं ते व्रतासारखं पाळलं. चहा बिनसाखरेचा, भाकरी मोजकी. समोर पुरणाची पोळी आली की ही उठून परसात जायची. बोट टोचून घेताना डोळे मिटायची आणि आकडा मात्र मला वाचायला लावायची.

“वैनी, तूच बघ. माझं धाडस होत न्हाई.”

त्यात उन्हाळा लागला. लेकीचं सुकलेलं तोंड आत्यांना बघवेना. माहेरी आलेल्या पोटुशा लेकीला पाण्याशिवाय काही द्यायचं नाही, म्हणजे आई असून नसल्यासारखंच. मग त्यांना उपाय सापडला, आणि तो फ्रीजमध्येच होता. अध्यक्षांच्या घरी कंपनीनं झुळूकचे दोन खोके भेट पाठवले होते.

“ह्ये पी. ह्यात एकच चमचा साखर हाय. उघड लिवल्यालं हाय, बघ!”

वैजूनं बाटली हातात घेऊन अक्षरं दोनदा वाचली. तिनं वाचली, हे मला मुद्दाम सांगायचंय. ती बारावी झालेली होती, अडाणी नव्हती. अख्ख्या बाटलीत एक चमचा साखर, म्हणजे दिवसाकाठी तेवढं चालेल, असा तिनं हिशेब केला. त्या दिवसापासून रोज दुपारी आत्या स्वतः बाटली उघडून मोठा लोटा भरायच्या आणि वैजूच्या तोंडाला लावायच्या. लेकीनं शेवटचा घोट घेतला की आत्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान यायचं, ते मी त्यांच्या चेहऱ्यावर एरवी फक्त मंडळाच्या निवडणुकीनंतर पाहिलं होतं.

मी एकदा चव घेतली. “आत्या, चांगलं गोड लागतंय की हे.”

“लिंबू असलं की गोड लागतंयच. अध्यक्ष मी हाय का तू?”

मी लोटा विसळायला घेतला.

साखर चढायला लागली. बाईंनी पथ्य कडक केलं, वैजूनं भाकरी अर्धी केली. साखर आणखी चढली. बाळाचं वजन बेताबाहेर वाढायला लागलं. शेवटी इन्सुलिनची सुई सुरू झाली. त्या दिवशी दवाखान्यात बाई वैजूवर कडाडल्याच.

“चोरून गोड खातेस तू. माझ्याशी खोटं बोलू नकोस. बाळ हवंय ना तुला?”

वैजूनं शपथ घेतली. कुणाकुणाची घेतली. रडून रडून तिला ठसका लागला, तेव्हा आत्यांनी घाईघाईनं पिशवीतली बाटली काढली आणि झाकण फिरवलं.

“हे काय आहे?” बाईंनी हात पुढं केला.

“साखर न्हाई त्यात. एकच चमचा,” आत्या म्हणाल्या.

बाईंनी बाटली उलटी केली, चष्मा कपाळावर चढवला आणि ती डोळ्यांपाशी नेली. पुढची चांदणी मागच्या बाजूला, तळाच्या घडीत पुन्हा उगवली होती, आणि तिच्यापुढं मुंगीच्या पायांसारखी अक्षरं होती. एक चमचा साखर, प्रति माप. या बाटलीत अंदाजे आठ मापे.

बाईंनी नर्सला चहाच्या साखरेचा डबा आणायला लावला, टेबलावर कागद पसरला आणि त्यावर चमच्यानं साखर ओतायला लागल्या. चमच्यामागं चमचा. ढीग झाल्यावर त्यांनी कागद आत्यांच्या पुढं सरकवला.

“एवढी. रोज.”

आत्या त्या ढिगाकडं बघत राहिल्या. त्यांचा हात नुसताच हलला, रिकामा लोटा धरल्यासारखा. परतताना गाडीत त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. आत्या गप्प बसल्यात हे मी लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच बघत होते.

घरी आल्याबरोबर त्यांनी सबनीसला फोन लावला. ऐकायला कमी येतं म्हणून त्या फोन नेहमी मोठ्यानं लावायच्या, त्यामुळं सगळं आम्हालाही ऐकू आलं. आत्यांनी सगळं सांगितलं. बाटली, लोटा, सुई, बाळ.

“अरेरे,” सबनीस म्हणाला. “फार वाईट वाटलं ऐकून. पण मॅडम, लेबलवर सगळं स्पष्ट लिहिलेलं आहे ना. शिवाय आम्ही तर माप घरपोच दिलं होतं. माहिती आम्ही दिली. निवड शेवटी तुमची होती.”

वैजू पलंगावर बसून ऐकत होती. तिनं उशी पोटाशी धरली.

मला वाटलं, आता आत्या त्याची सालटी काढणार. गावात त्यांच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. पण सबनीसच पुढं म्हणाला, “बरं झालं तुमचा फोन आला. आम्ही एक फिल्म करतोय. जागरूक गाव, जागरूक गृहिणी. तुमच्याइतकं योग्य कुणीच नाही. तुम्ही फक्त कॅमेऱ्यासमोर म्हणायचं, मी जाणून पिते.”

आत्यांनी फोन तोंडाजवळ धरला. मग मऊ आवाजात म्हणाल्या, “या की. पण आमच्या घरी यायचं म्हंजे जेवायला यायचं.”

मला किळस आली. पोटच्या पोरीचं असं झालं तरी बाईला टीव्हीवर दिसायचंय! रात्री जेवताना वैजू भिंतीकडं तोंड करून बसली, आणि मी आत्यांना वाढलं पण विचारलं नाही. त्यांनीही मागितलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या मला एवढंच म्हणाल्या, “बाजारातनं मिरच्या आण. जवारी संकेश्वरी. नुसत्या रंगाची ब्याडगी आणशील तर परत पाठवीन.”

ठरल्या दिवशी सबनीस आला. सोबत कॅमेरावाला. आल्या आल्या त्यांनी आमचा सोपा, म्हणजे पुढची बैठकीची खोली, सजवला. झुळूकच्या बाटल्यांची उतरंड मांडली, मागं फलक लावला. मंडळाच्या बायका आधीच जमल्या होत्या. वैजू आतल्या खोलीत दार लोटून पडली होती.

“मॅडम, म्हणा बघू. मी जाणून पिते.”

“मी जाणून पितो,” आत्या म्हणाल्या. आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल येतो, जातो असंच बोलतात.

“पितो नाही हो, पिते.”

“पितो.”

कॅमेरावाल्यानं तोंड फिरवून हसून घेतलं. चार-पाचदा तसंच झाल्यावर सबनीस वैतागला. “ठीक आहे, आपण ते नंतर डब करू. आधी जेवणाचा शॉट घेऊ. ग्रामीण पाहुणचार! मी जेवतोय, तुम्ही प्रेमानं आग्रह करताय.”

“आग्रह व्हय? करतो की,” आत्या म्हणाल्या.

पाट मांडला. ताट आलं. ताटात फक्त एक मोठा वाडगा, काठोकाठ कटाच्या आमटीचा. वर तांबडा तवंग, आणि तवंगावर मधोमध एकच कोथिंबिरीचं हिरवं पान. ते पान बघून मी पहिल्यांदा आत्यांकडं नीट बघितलं. त्यांचा चेहरा हळदीकुंकवाला होता तसाच होता.

“पोळ्या तव्यावर हायत. तवर आमटी प्या. आमच्यात पाहुणा आधी आमटीच पितो.”

सबनीसनं वाडगा उचलला आणि जरा थबकला. “तिखट फार नाही ना? मला सवय नाही.”

“छे वं!” आत्या म्हणाल्या. “एका मापाला एकच मिरची पडती.”

“एकच? मग काय!” तो कॅमेऱ्याकडं बघून हसला आणि त्यानं भुरका मारला. “वा! गोडसर आहे!”

असणारच. गूळ आणि चिंच आत्यांनी सढळ हातानं घातली होती. लिंबाच्या आंबटानं साखर लपते, तशी गुळानं मिरची लपते. आमच्या आमटीचा तिखटपणा तोंडात नाही लागत, तो नंतर घशातून वर येतो.

“टाकायची न्हाई हं साहेब. पहिला वाडगा पाहुण्यानं संपवायचाच असतो.”

“संपवतो ना!” कॅमेरा चालू होता. त्यानं मान मागं टाकली आणि वाडगा तीन-चार भुरक्यांत रिकामा केला. बायकांनी टाळ्या वाजवल्या, संक्रांतीला वाजवल्या होत्या तशाच.

मग मिरची वर आली. आधी त्याचे कान लाल झाले. मग कपाळावर घाम डवरला. त्यानं तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. शर्टाची इस्त्री बघता बघता ओली झाली. “पा... पाणी,” तो म्हणाला.

“पाणी आणा गं,” आत्या जागेवरूनच म्हणाल्या. एकही बाई हलली नाही.

तो उठला, धडपडला आणि समोरच्या उतरंडीतली एक बाटली ओढली. उतरंड कोसळली. झाकण दातानं काढल्यासारखं काढून त्यानं बाटली तोंडाला लावली आणि घटाघटा प्यायला लागला. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, हनुवटीवरून झुळूक.

आणि आत्या! त्या काचेच्या कपाटाकडं गेल्या, ढालीशेजारचा पेला उचलला आणि तो पुढं धरून सबनीसच्या मागंमागं फिरायला लागल्या.

“साहेब, माप! माप ऱ्हायलं! रेघंपतोर घ्या! अवं तब्येत लक्षात ठेवा!”

चंपाक्का सतरंजीवर आडव्या झाल्या होत्या. “एक झालं, दोन झाली,” त्या मापं मोजत होत्या, “आगं बया, अख्खी बाटलीच गेली की!” कॅमेरावाला कॅमेरा बंद करायचं विसरून गेला होता, किंवा विसरला नव्हता.

बाटली रिकामी करून सबनीस पाटावर बसला. श्वास पुरेना त्याला. बऱ्याच वेळानं म्हणाला, “तुम्ही... तुम्ही तर म्हणालात एकच मिरची!”

“वाडगा पालथा घालून बघा.”

त्यानं बघितलं. वाडग्याच्या बुडाला कागदाचा एक कपटा चिकटवला होता. त्यावरची अक्षरं इतकी बारीक होती की त्याला वाडगा नाकाला टेकवावा लागला. एक मिरची, प्रति माप. या वाडग्यात अंदाजे आठ मापे.

“हे काय खाल्ल्यावर दाखवायचं?” तो किंचाळला. “आधी सांगायला काय झालं होतं?”

“लिवल्यालं हुतं की,” आत्या म्हणाल्या. आवाज अजून तसाच मऊ. “माहिती आम्ही दिली. निवड तुमची हुती.”

बायकांचं हसू थांबलं, कारण आत्या त्याच्याकडं ज्या नजरेनं बघत होत्या ती नजर हसण्यासारखी नव्हती. “तुमचं काय,” त्या म्हणाल्या, “तुमचं उद्या सकाळपतोर उतरंल. माझ्या पोरीचं अजून पोटात हाय.”

आत्यांनी पुरणपोळ्यांची चळत आणून सबनीसच्या ताटात वाढली, वर तुपाची धार सोडली, कारण पाहुण्याला उपाशी लावायची रीत आमच्याकडं नाही. त्यानं ताटाला हात लावला नाही. ती फिल्म पुढं कुणी पाहिली नाही. दुसऱ्या वर्षी झुळूकची बाटली मोठी झाली, हिरवं पानही मोठं झालं, आणि मागची अक्षरं आणखी बारीक झाली, एवढंच मी दुकानात पाहिलं. असल्या माणसांना मिरची झोंबते ती जिभेपुरती.

वैजूला पुढं मुलगी झाली. झाल्या झाल्या बाळाची साखर एकदम खाली गेली, काही दिवस काचेच्या पेटीत काढले तिनं, पण तरली. आता ती सोळाव्यात आहे आणि आजीला उलटून बोलते. पण त्या दुपारी यातलं काहीच आम्हाला ठाऊक नव्हतं. त्या दुपारी फक्त सुई होती आणि रोजचा आकडा होता.

गाडी गेली, बायका हसत हसत घरोघर गेल्या. वैजू दार उघडून बाहेर आली होती. फटीतून तिनं सगळं पाहिलं होतं, आणि कितीतरी आठवड्यांनी ती हसत होती, पोट धरून, डोळे पुसत.

“वैनी, आईला बोलीव! मला परत सांग म्हणावं, माप घेऊन कशी पळत हुतीस!”

मी स्वयंपाकघरात गेले. आत्यांची माफी मागायची होती मला; आठवडाभर त्यांच्याबद्दल काय काय मनात आणलं होतं! त्या ओट्याला टेकून फरशीवर बसल्या होत्या. मांडीशी उरलेल्या आमटीचं पातेलं, हातात तोच वाडगा, आणि त्या ती आमटी पीत होत्या. भुरका नाही, आवाज नाही. घोटामागं घोट, औषध घ्यावं तशा. डोळ्यांतून नुसत्या धारा लागल्या होत्या. या बाई हिरव्या मिरचीचा खर्डा भाकरीवर लोण्यासारखा पसरून खायच्या. त्यांच्या डोळ्यांत मिरचीनं कधी टिपूस आलेलं मी पाहिलं नव्हतं.

“आत्या, बास करा,” मी म्हटलं. “फार तिखट झालीय ती.”

“ह्याच हातानं पाजलं गं मी तिला,” त्या म्हणाल्या. “लोटा भरून. वर आणि म्हणायचो, संपीव, संपीव.”

मी त्यांच्या शेजारी फरशीवर बसले. बाहेरून वैजूची हाक आली, हसण्यानं फुटलेली.

“आई! येतीस का न्हाई?”

“आलो गं बाळ, आलो!” आत्यांनी तितक्याच ठणठणीत आवाजात ओ दिली, आणि पातेलं तिरकं करून वाडगा पुन्हा भरून घेतला.